उजव्या कानावरचा जुना धागा

मित्रांनो, मी एक जुना धागा आहे. शिवणाच्या डब्यातला नव्हे. मला तुमच्या तळहातावर ठेवले तरी मी तुम्हाला दिसणार नाही. शाळेच्या पुस्तकात डीएनएचे चित्र असते, त्यात दोन धागे एकमेकांना पीळ घालून उभे असतात. त्यांतला एक म्हणजे मी. चित्रात आम्ही मोठे रुबाबदार दिसतो. आज मात्र मी तुमच्याशी मान खाली घालून बोलणार आहे, कारण माझ्या अंगावरच्या एका अक्षरामुळे एक भला माणूस मरता मरता वाचला. ते अक्षर कसे बिघडले, हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तो माणूस घरांवर आणि गोदामांवर पत्रे बसवायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. त्याच्या उजव्या कानाची वरची कड हे माझे घर. तिथल्या कातडीच्या अगदी खालच्या थरात एक पेशी होती, तिच्यात माझे बिऱ्हाड. आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा धाग्याला माणसांचे बोलणे कसे कळले? बाबांनो, जन्मभर कानावर राहिलो. तेवढेही ऐकू आले नसते, तर तिथे राहून उपयोग काय?

माझ्या अंगावर आठ कोटींहून जास्त अक्षरे आहेत, आणि ती लिहायला मुळाक्षरे फक्त चार: ए, टी, जी आणि सी. माझा जोडीदार माझ्या उलट्या दिशेने लिहिलेला असतो. माझ्यावर ए असेल तिथे त्याच्यावर टी, माझ्यावर जी असेल तिथे त्याच्यावर सी, आणि याच्या उलटही तसेच. हा नियम मोडायचा नाही. त्यामुळे आमच्यातला एक जरी हाती असला, तरी दुसरा कसा होता हे अक्षर न् अक्षर सांगता येते.

कातडी सारखी झिजत असते. वरचे थर गळून पडतात आणि खालच्या पेशीला एकाच्या दोन व्हावे लागते. पण पेशी दोन आणि मजकूर एकच, असे कसे चालेल? म्हणून आधी नक्कल. त्या दिवशी आमच्याकडे नुसती लगीनघाई असते. पहिल्यांदा उलगडणारा येतो आणि आमचा पीळ सोडवत जातो. मी एकीकडे, जोडीदार दुसरीकडे. मग येतात नकलनवीस. जुन्या कचेऱ्यांत कागदाची हुबेहूब प्रत काढणारे असत ना, तसे हे. ते माझे एकेक अक्षर वाचतात, आजूबाजूला तरंगणाऱ्या सुट्या अक्षरांतले जुळणारे उचलतात आणि माझ्यासमोर बसवतात. सेकंदाला पन्नासेक अक्षरे! एकटा बसला तर त्याला अडीच-तीन आठवडे लागतील, म्हणून ते शेकडो ठिकाणी एकदम कामाला लागतात आणि सात-आठ तासांत उरकतात.

त्यांची एक खोड आहे. त्यांना एकाच दिशेने लिहिता येते, आणि आम्ही दोघे पडलो उलट तोंडांचे. त्यामुळे एका धाग्यावर नकलनवीस पीळ सुटेल तसा सरळ पुढे जातो, आणि दुसऱ्यावर त्याला पुन्हा पुन्हा मागे येऊन शे-दोनशे अक्षरांचे तुकडे लिहावे लागतात. मग सांधणारा येऊन ते तुकडे जोडून देतो. तुकड्यांत लिहिलेले म्हणून ते कमी प्रतीचे, असे मात्र कोणी समजू नये.

काम संपते तेव्हा एका जोडीच्या दोन जोड्या झालेल्या असतात, आणि प्रत्येक जोडीत एक जुना, एक नवा. जुन्याला कोणी टाकून देत नाही. नकलनवीस आपले लिहिलेले जागच्या जागी वाचतो, चुकले असेल तर खोडतो. त्याच्या मागून तपासनीस येतात. समोरासमोरची अक्षरे जुळली नाहीत, तर जोडीला तिथे फुगवटा येतो आणि तो त्यांच्या हाताला लागतो. एवढ्या बंदोबस्तामुळे शंभर कोटी अक्षरांमागे जेमतेम एखादी चूक शिल्लक राहते. आणि फुगवटा सापडला की तपासनीस एकच गोष्ट बघतात, जुना कोण आणि नवा कोण. खोडायचे ते नव्याचे. जुन्याचे बरोबरच असणार, असे धरून चालतात. या मानाचा मला फार गर्व होता, हे आधीच कबूल करतो.

मिस्त्री पाच-सहा वर्षांचा असताना मी लिहिला गेलो. मजकूर त्याच्या आईकडून आलेला, पिढ्यान्‌पिढ्यांचा. त्याच्या वाढत्या वयात मी कित्येकदा उलगडलो, कित्येक नव्या धाग्यांना माझ्यावरून लिहून घेतले, आणि एकदाही बोट दाखवायला जागा दिली नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मिस्त्रीच्या बायकोने त्याला एक सुती टोपी शिवून दिली. ती घरी बसून शाळांचे गणवेश शिवायची, हात तयार होता. टोपीला दोन्ही बाजूंना कान झाकणाऱ्या पट्ट्या होत्या. "अहो, तुम्हाला वरून ऊन आणि खालून तापलेला पत्रा," ती म्हणाली. "कान उघडे ठेवू नका. मला शब्द द्या." मिस्त्रीने शब्द दिला, आणि देताना तो अगदी मनापासून दिला.

पण कामाची रीत आडवी आली. मिस्त्री छपरावर असायचा आणि बायकोचा धाकटा भाऊ खाली राहून पत्रे कापून द्यायचा. मिस्त्री वरून माप ओरडायचा, "सात फूट चार!" मेहुणा कात्री लावण्याआधी तेच माप परत ओरडायचा, "सात फूट चार!" वरून "हां!" आले की मगच कापायचे. कापलेला पत्रा काही पुन्हा जोडता येत नाही, म्हणून दोघांनी हा नियम घालून घेतला होता. मला तो भारी आवडायचा, आमच्याच घराण्यातला वाटायचा. पट्टी कानावर असली की मात्र खालचे माप वर नीट पोहोचेना. मिस्त्री "काय?" म्हणायचा, मेहुणा पुन्हा ओरडायचा, मिस्त्री पुन्हा "काय?" म्हणायचा. तिसऱ्या दिवशी मेहुण्याचा आवाज बसला.

"भाऊजी, घसा गेला माझा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "त्या एका कानावरची पट्टी वर करा की. ताई कुठे बघायला येतेय?"

मिस्त्रीने उजवी पट्टी वर दुमडली आणि तिला पिन लावली. काम सुरळीत चालू झाले. संध्याकाळी घराच्या गल्लीशी आला की तो पिन काढून खिशात टाकायचा आणि दोन्ही पट्ट्या खाली सोडून, शहाण्या मुलासारखा घरात शिरायचा. उजवा कान भिंतीकडे करून बसायचा. बायको डाव्या कानाकडे बघून म्हणायची, "बघा, टोपीने कसा रंग टिकलाय." टोपी तो स्वतःच धुवायचा, आणि तिला त्याचेही कौतुक होते. दरवर्षी नवी टोपी यायची. पिन तीच.

आता माझ्या लाजेची गोष्ट. उन्हात काही किरण असे असतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण कातडीतून आत उतरतात. ते आमच्यावर पडले की शेजारची दोन अक्षरे एकमेकांना चिकटून बसतात आणि वाचता येईनाशी होतात. हे रोजचेच होते. त्यासाठी डागडुजीवाले असतात. ते चिकटलेली जागा शोधतात, आजूबाजूच्या तीसेक अक्षरांसकट कापून काढतात, आणि समोरच्या जोडीदारावर बघून ती पुन्हा लिहितात. कटकटीचे काम, पण ते मुकाट्याने करतात.

एका उन्हाळ्यात मिस्त्रीने एका मोठ्या गोदामाचे छप्पर घेतले. सकाळपासून ऊन उतरेपर्यंत उजवा कान उघडा. माझ्यावर इतक्या ठिकाणी अक्षरे चिकटली की डागडुजीवाल्यांची दमछाक झाली. एके ठिकाणी दोन सी शेजारीशेजारी होते. ते चिकटले आणि तसेच राहून गेले. तेवढ्यात नक्कल सुरू झाली.

नेहमीचा नकलनवीस तिथे येऊन थांबला. त्याला पुढचे वाचता येईना. अशा वेळी एक बदली नकलनवीस पाठवतात. अक्षर वाचता आले नाही तरी तो अंदाजाने काहीतरी लिहून पुढे सरकतो, कारण नक्कल अर्धवट राहिली तर पेशीच मरायची. बहुतेकदा त्याचा अंदाज बरोबर येतो. त्या दिवशी नाही आला. त्या दोघांतल्या एका सीच्या समोर जी लिहायचा, त्याने ए लिहिला.

पुढे डागडुजीवाले उशिरा का होईना आले. त्यांनी माझा चिकटलेला तुकडा कापला आणि नवा लिहिण्यासाठी समोर पाहिले. समोर कोण? ज्याला माझ्यामुळे चुकीचे अक्षर मिळाले, तोच नवा जोडीदार. त्याच्यावर ए, म्हणून त्यांनी माझ्यावर टी बसवला. झाले! पिढ्यान्‌पिढ्या जिथे सी होता तिथे टी आला. आता आम्ही दोघे एकमेकांशी अगदी बरोबर जुळत होतो. तपासनीस हात फिरवून गेले, त्यांना काही लागले नाही. त्या दिवसापासून माझी प्रत्येक नक्कल बिनचूक निघू लागली, आणि प्रत्येक नकलेत ती चूक होती.

ते अक्षर एखाद्या बिनमहत्त्वाच्या जागी असते तर मी एवढे मनाला लावून घेतले नसते. पण ते ज्या ओळीत होते ती ओळ पेशीला सांगते, की मजकूर बिघडला असेल तर थांब, आणि दुरुस्त होत नसेल तर दोन होऊ नकोस. ती ओळच लंगडी झाली. एका अक्षराने लगेच आभाळ कोसळत नाही. पण थांबवणाराच ढिला पडला की पुढच्या चुका अडवायला कोणी उरत नाही. वर्षामागून वर्षे गेली आणि त्या साचत राहिल्या.

त्या दिवसांतला एक प्रसंग मला विसरता येत नाही. मिस्त्रीच्या बायकोने शाळेचे चाळीस सदरे बेतले होते. कॉलर कापायला तिच्याकडे पुठ्ठ्याचा एक जुना नमुना होता. शिवायला बसली तर प्रत्येक कॉलरचे एक टोक आखूड. चाळीसच्या चाळीस! तिने नमुना उचलून पाहिला, तर मागे कधीतरी कात्री लागून त्याचा कोपरा उडालेला. ती कपाळाला हात लावून बसली.

"नवा नमुना केला की मी चार वेळा मोजते," ती मिस्त्रीला म्हणाली. "हा जुना, म्हणून एकदाही मोजला नाही. चुकलं माझंच."

"असू दे गं, होतं असं," मिस्त्री म्हणाला, आणि सवयीने उजवा कान भिंतीकडे केला. तिने पुठ्ठ्यावरचा दोष मोकळेपणाने स्वतःवर घेतला. मी त्या कानावर बसून सगळे ऐकत होतो, आणि मला कुठे तोंड लपवावे ते कळेना.

त्यानंतर दोन वर्षांनी कानाच्या कडेवर एक खरखरीत ठिपका उठला. खपली धरायची, निघायची, रक्त यायचे, पुन्हा खपली धरायची. ती आमचीच गर्दी होती, मित्रांनो. माझ्या चुकीच्या अक्षरावरून लिहिलेल्या, थांब म्हटलेले न ऐकणाऱ्या पेशींची. मिस्त्रीला वाटले, पत्र्याची कड लागली असेल. महिना गेला, दोन गेले. मग त्यालाही कळले की हे पत्र्याचे काम नाही. पण कान दाखवायचा तर पिनही सांगावी लागणार, आणि इतक्या वर्षांच्या खोटेपणाची त्याला लाज वाटत होती. त्याने कानावर केस वाढवले. आणि तो जितका लपवत होता, तितके आम्ही खोल उतरत होतो.

आठव्या महिन्यात केस फार वाढले म्हणून तो सलूनमध्ये गेला. सलूनवाल्याने कंगव्याने कानावरचे केस बाजूला केले आणि त्याचा हात थांबला.

"मिस्त्री, हे काय?"

"पत्रा लागला."

"कधी?"

"परवा."

"मागच्या वेळी आलात तेव्हाही परवाच होतं," सलूनवाला म्हणाला. "घरी दाखवलंत का?"

"तुम्ही केस कापा ना."

सलूनवाल्याने केस असे कापले, की उजव्या कानावर झाकायला एक बट ठेवली नाही. मिस्त्रीने आरशात पाहिले आणि तो चिडला. "मी फक्त केस कापले," सलूनवाला टॉवेल झटकत म्हणाला.

घरी मिस्त्री टोपी घालूनच जेवायला बसला. मेहुणाही त्या दिवशी जेवायला होता. "घरात कसली टोपी?" म्हणत बायकोने ती काढली. मग तिने कान पाहिला. तिने हातातली टोपी उलटून पाहिली, आणि तिचा अंगठा उजव्या पट्टीवरून फिरत राहिला. शिवणारीच्या बोटांना पिनेची भोके लागायची राहतात होय?

"या एकाच पट्टीला भोकं कशी?" तिने विचारले.

उत्तर मेहुण्यानेच दिले. "ताई, मी सांगितलं होतं त्यांना. माझा घसा बसायचा ना. रोज ती पिन मला खालून दिसायची." त्याने ताट पुढे सरकवले. "रोज दिसायची गं."

ती ओरडली असती तर बरे झाले असते. ती हळू आवाजात म्हणाली, "एक पत्रा कापायचा तर दोनदोनदा विचारता एकमेकांना. मला एकदा विचारायचं होतं. गोल काठाची टोपी शिवून दिली असती. कान उघडा राहिला असता आणि सावलीतही."

एवढे सोपे होते. दोघे कर्ते पुरुष खाली माना घालून बसले होते, आणि त्यांच्यासोबत मीही. कारण पिन त्याची, घसा याचा, पण चुकीचे अक्षर माझे होते.

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "किती दिवस झाले?" मिस्त्रीने आधी बायकोकडे पाहिले. "आठ महिने," तो म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्याने निकाल आला. तो कॅन्सर होता.

"कानात आहे तोवर कानाचा थोडा भाग देऊन सुटता येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मानेतल्या गाठींत उतरला असेल, तर मात्र मला शब्द देता यायचा नाही." मग त्यांनी मानेची तपासणी केली. गाठींत काही दिसले नाही. पण कापायच्या भागाच्या कडेपर्यंत तो पोहोचला आहे की नाही, हे कापून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली पाहिल्याशिवाय कळणार नव्हते. कडेला एक जरी बिघडलेली पेशी निघाली, तर आत आणखी असणार. बाहेर येऊन बाकावर बसल्यावर बायकोने मिस्त्रीचा हात धरला. "ऐकायला दुसरा कान आहे तुम्हाला," ती म्हणाली. मिस्त्री हसायला गेला आणि रडला. मी त्याला रडताना त्याआधी कधी ऐकले नव्हते.

कानाची वरची कड कापली गेली आणि तिच्यासोबत मीही. त्यानंतर त्या घरातले काही मला ऐकू आले नाही. मी एका बाटलीत पडलो, मग मेणात बसलो. प्रयोगशाळेतल्या ताईंनी माझ्या बिऱ्हाडाचे केसाहून पातळ काप काढले, गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवले आणि काचपट्टीवर चिकटवले. आता माझी नक्कल कधीच होणार नाही. तो मान माझ्याकडून गेला, आणि जायलाच हवा होता.

काचेखाली बघणाऱ्या डॉक्टरांनी मला पुष्कळ वेळ पाहिले. इकडून, तिकडून, चारही बाजूंनी. कानाचा तुकडा ना मी, ऐकायची सवय सुटत नाही. मी कधी कशासाठी जीव मुठीत धरला नव्हता, तो त्या दिवशी धरला.

"लिहून घ्या," डॉक्टर ताईंना म्हणाले. "कडा स्वच्छ आहेत. सगळं निघालं. सुटला माणूस."

म्हणजे मिस्त्रीच्या अंगात माझ्या चुकीचा एकही वारस उरला नव्हता. आपले घराणे बुडाले हे ऐकून आनंद झालेला मी बहुधा पहिलाच धागा असेन. त्या आनंदाने लाज मात्र धुतली गेली नाही. काचपट्ट्यांच्या खणात मी ती उराशी धरून पडलो आहे.

मित्रांनो, आत्ता या क्षणी तुमच्याही अंगात कोट्यवधी धागे उलगडत आहेत. नकलनवीस लिहीत आहेत, तपासनीस हात फिरवत आहेत, डागडुजीवाले कापून पुन्हा बसवत आहेत. ते तुमच्याकडे काही मागत नाहीत. तुम्ही त्यांना भर उन्हात थोडी सावली द्या, म्हणजे त्यांचे काम त्यांना झेपेल. आणि अंगावर एखादी जखम महिनाभर भरली नाही, तर ती घरातल्या कोणाला तरी दाखवा, मग ती कशीही आणि कोणाच्याही चुकीने झालेली असो. माझी चूक दाखवायला मला तोंड नव्हते. मिस्त्रीला होते, पण त्याने आठ महिने ते उघडले नाही, कारण माझी लाज त्याने स्वतःची समजून जपली. तुम्ही तसे करू नका. लाज माझ्याकडे राहू द्या. तुम्ही घरी जा आणि दाखवा.